लागेल ते घे

१

शिलाई मशीन दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही. नवरा गेला तेव्हा घरात एक बंद पडलेलं मशीन होतं आणि एक पाना. मी ते मशीन जमिनीवर पसरलं, पुन्हा जोडलं. जोडून झाल्यावर मूठभर स्क्रू हातात उरले आणि मशीन तरीही चाललं. तेव्हापासून कुणाचं ऐकून घ्यायची माझी सवय गेली.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. मशीन आलं की मी आधी ऐकते. गिऱ्हाईकाला पायडल मारायला लावायचं आणि आपण डोळे मिटून उभं राहायचं. चाक कुठं अडतंय, पट्टा कुठं सैल पडलाय, सुई किती उशिरा खाली येतेय, सगळं आवाजात असतं. बाकीचे दुरुस्तीवाले आधी उघडतात आणि मग विचार करतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

माझ्या दुकानातून मशीन मेलेलं परत जात नाही. ही माझी घमेंड आहे आणि ती मी हात काळे करून कमावलेली आहे. एखादं अगदीच संपलेलं असलं तर फळीवरचं दुसरं मशीन उतरवून त्याच्या शेजारी ठेवते. त्यातला चांगला भाग काढून यात घालते. यातला झिजलेला भाग मात्र फेकत नाही, ज्याचं घेतलं त्याच्या रिकाम्या जागी बसवून ठेवते. भोक पडलेलं मशीन मला बघवत नाही. बघणाऱ्याला फळीवरचं मशीन होतं तसंच दिसतं. चालवायला गेलात तर कळेल. हे काम करताना आजारी मशीनवर तळवा टेकवून मी एक वाक्य म्हणते, "घे, लागेल ते घे, पण चाल." शिंप्यांना वाटतं मंत्र आहे. मंत्र कसला, तोंडाला लागलेली खोड.

घरात माझ्याबरोबर माझी धाकटी बहीण. ती जन्मभर एका कचेरीत टायपिस्ट होती आणि अजूनही विचारात पडली की तिची बोटं चालायला लागतात. टेबलावर, मांडीवर, ताटाच्या कडेवर. बोटं टकटकत जातात, ओळ संपली की थांबतात, आणि मग डावा हात हवेतच डावीकडून उजवीकडे सरकतो, टाइपरायटरचा दांडा ढकलल्यासारखा. कचेरी सुटून वर्षं झाली, बाईच्या ओळी काही संपल्या नाहीत. स्वभावानं ती माझ्या अगदी उलट. मी गिऱ्हाईकाला हाकलते, ती त्याला कोपऱ्यावरून परत बोलावून आणते. तिच्यामुळे दुकान चाललं असं लोक म्हणतात. म्हणोत. खरंच आहे ते.

आणि तिसरा मुकादम.

२

मुकादम आमच्याकडे आला तो म्हातारा होऊनच. बेवारस जनावरं सांभाळणारी जागा आहे गावाबाहेर, तिथून आणला. तिथल्या बाईनं आम्हाला पिल्लं दाखवली. मी म्हटलं, पिल्लं काय, कुणीही नेईल. जे कुणी नेत नाही ते दाखव. मागच्या पिंजऱ्यात हा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

सगळा मोडका माल. मागचा डावा पाय ओढायचा. डाव्या डोळ्यात दुधासारखा मोतीबिंदू. जेवायचा तो भिंतीला नाक लावून, कुणीतरी पाठीमागून वाटी ओढून नेणार असल्यासारखा. आणि झाडूला भ्यायचा. झाडू नुसता उचलला तरी पोट जमिनीला टेकवून कपाटाखाली, आणि जिथं बसला होता तिथं ओलं. कुणाच्या घरी किती मार खाल्ला होता त्यानं, त्यालाच ठाऊक. आम्ही झाडू लपवून ठेवायला लागलो. धाकटी तो मागच्या दारी, टोपल्याखाली ठेवायची आणि मुकादम फिरायला गेला की भराभर केर काढून घ्यायची.

मुकादम हे नाव तिनंच ठेवलं. दुकानाच्या उंबऱ्यावर पंजांवर हनुवटी टेकून तो मी काम करत असताना बघत बसायचा. स्वतः काडी हलवायची नाही, पण नजर सगळ्यांवर. मी न बघता सांगायची तो कुठं आहे ते. तीन नखं वाजायची आणि चौथ्या पायाची खरड यायची. टक, टक, टक, खर्र. घरात ऐकू येणाऱ्या आवाजांत मला सगळ्यात आवडता आवाज तो होता. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही.

मग त्यानं अन्न सोडलं.

३

जनावरांची डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी, केस आखूड, बोलणं स्वच्छ. वाईट नव्हती. तिनं रक्त तपासलं, पोट चाचपलं आणि जमिनीवर मांडी घालून बसत म्हणाली की मूत्रपिंडं संपली आहेत. आता रोज थोडं थोडं विष अंगात साचत जाईल. उद्या दुपारी येते, एक इंजेक्शन देते, झोपेत जाईल.

मी विचारलं, दुरुस्त काय होईल ते सांग.

"आजी, सगळ्याच गोष्टी दुरुस्त होत नाहीत."

मी तिला म्हटलं की मी तुझी आजी नाही, आणि दार तिकडं आहे. ती गेली. रागावली नाही, याचा मला जास्त राग आला.

धाकटी माझ्या पाठीमागं उभी होती. तिनंही तेच सुरू केलं. हळू आवाजात, समजावून सांगायची तिची ती पद्धत. त्याच्या अंगाला वास यायला लागलाय, पाणी पोटात ठरत नाही, तो कुणाकडे बघतही नाही. शेवटी म्हणाली, "ताई, सोड आता त्याला. त्रास त्याला होतोय, हट्ट तुझा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानातल्या गोणपाटावर पडला होता. धाकटीनं परत बोलावलेल्या डॉक्टरणीची यायची वेळ होत आली होती. धाकटीनं खाली बसून त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं. श्वास आत जायचा, अडकायचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. तुटायला आलेल्या पट्ट्याचा असा आवाज येतो. मी काम सोडून उठले. गुडघे टेकून त्याच्या पोटावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "घे, लागेल ते घे, पण चाल."

धाकटी रडता रडता हसली. म्हणाली, ताई, तो काय मशीन आहे?

माझ्या तळव्याखाली काहीतरी बसलं. कसं सांगू. भाग खाचेत नीट बसतो तेव्हा बोटांना कळतं, आवाज व्हायच्या आधी. तसं. मुकादमानं लांब श्वास घेतला, तो अडकला नाही. धाकटीनं "आई गं" म्हणून पाय सरळ केला आणि डावी पोटरी चोळायला लागली. मुंग्या आल्या म्हणाली. एवढं जड डोकं मांडीवर, मुंग्या येणारच.

डॉक्टरीण आली तेव्हा तो पाणी पीत होता.

४

तिनं पुन्हा रक्त नेलं, पुन्हा तपासलं. रिकाम्या हातानं परत आली आणि म्हणाली, असं होत नाही. मी म्हटलं, झालंय. माझी मान किती ताठ झाली होती ते काय सांगू. आल्यागेल्याला हाक मारून दाखवत होते मुकादमाला. डॉक्टरणीनं त्याच्या छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. मग त्याचा डावा डोळा उघडून बघितला. मोतीबिंदू पातळ झाला होता, कडेनं काळं बुबुळ दिसत होतं. तिनं हात काढून घेतला आणि पँटला पुसला, दोनदा पुसला. जाताना मला नमस्कार केला, त्याला नेहमीसारखं थोपटलं नाही.

तो खायला लागला. वाटी खोलीच्या मधोमध ओढून आणायचा आणि दाराकडे तोंड करून खायचा. अंग भरलं, केस चकाकले. चालणं सुधारलं. टक, टक, टक, टक. चारही नखं सारखी, नव्या मशीनसारखी. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. फक्त काम करताना मी त्या आवाजाला मान वर करायची, कोण आलं म्हणून.

त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, मी एका शिंप्याचं मशीन उलटं करून तेल घालत होते. पाठीमागून आवाज आला. पाऊल, आणि खर्र. पाऊल, आणि खर्र. माझं मन एकदम निवलं. मागं न बघता मी म्हटलं, "आलास का रे मुकादमा?"

"चहा आणलाय," धाकटी म्हणाली.

ती कप घेऊन उभी होती. डावा पाय किंचित मागं, बोटं जमिनीला घासलेली. मी म्हटलं, पायाला काय झालं? म्हणाली, काही नाही, झोपल्यासारखा झालाय. वय झालं, ताई.

वय झालंच होतं. दोघींचंही. मी चहा घेतला. उंबऱ्यावर मुकादम दोन्ही डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघत होता.

५

माणसांच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं सांधे म्हटलं, मग शीर म्हटलं, मग पुढच्या खेपेला मोतीबिंदू म्हटलं. डावा डोळा, नव्यानं आलेला. एवढ्या लवकर पिकत नाही सहसा, म्हणाला, पण काही लोकांना होतं. मी सगळं मान्य केलं. मी शहाणी बाई आहे. कुत्र्याचा मोतीबिंदू उतरला आणि बहिणीच्या डोळ्यात चढला असं मनात तरी कोण आणेल? म्हाताऱ्या बाईला म्हातारपण येतं. म्हाताऱ्या कुत्र्याला कधी कधी दिवस मिळतात. दोन्ही एका घरात झालं, एवढंच.

हे मी स्वतःला रोज समजावत होते, आणि धाकटीच्या आवाजात समजावत होते. माझा स्वतःचा आवाज यावर काही बोलत नव्हता.

मग तिची बोटं थांबली. आधी मला कळलंच नाही, कारण टकटक तर चालूच होती. संध्याकाळी मी दुकानात दुरुस्त झालेलं मशीन बाजूला ठेवत होते, आणि मधल्या खोलीतून तो जन्माचा ओळखीचा आवाज येत होता. टकटकटक, टकटक, थांबणं. मला वाटलं, बरी आहे आज, काहीतरी विचार करतेय. मधल्या खोलीत गेले.

धाकटी खुर्चीत होती. हात मांडीवर, बोटं आत वळलेली, मुठीसारखी. हलत नव्हती.

मुकादम तिच्या पायाशी फरशीवर पसरला होता आणि पुढच्या दोन्ही पंजांची नखं वाजवत होता. एका वेळी एक. डावं, उजवं, उजवं, डावं, घाईनं, मग अडखळून, मग पुन्हा. कुत्र्यांना गोचीड चावते, खाज सुटते, झोपेत पाय हलतात. मी हे सगळं मनात म्हणून घेतलं. तेवढ्यात ओळ संपली. तो थांबला. डावा पंजा त्यानं फरशीवरून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवला.

आणि पुढची ओळ सुरू केली.

६

त्यानंतर मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले, आणि तो माझ्यावर. पूर्वीचा मुकादम बघायचा तेव्हा आपण हात उगारणार का, एवढंच त्याला बघायचं असायचं. आता त्या नजरेत भीती नव्हती. फळीसमोर उभी राहून मी मशीनं बघते, यातलं काय कामाला येईल म्हणून, तसा तो बघायचा. मी दूध दिलं की वाटीकडे न बघता माझ्या मनगटांकडे बघायचा. एकदा चुकून मी त्याला लाथ मारली. चुकून नाही, मुद्दाम मारली. तो जागचा हलला नाही. मधल्या खोलीत धाकटी कळवळून ओरडली.

गुडघा खुर्चीला लागला म्हणाली. लागला असेल.

तिनं आता स्वयंपाकघरात जेवायला सुरुवात केली होती. ताट घेऊन कोपऱ्यात बसायची, भिंतीकडे तोंड. मी विचारलं तर म्हणाली, उजेड डोळ्यावर येतो. तिच्या अंगाला वास यायला लागला होता, तो वास मला माहीत होता. तिनंच तर मला आठवण करून दिली होती त्याची. पाणी पोटात ठरेना. माणसांच्या डॉक्टरनं रक्त तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मूत्रपिंडं गेली आहेत, या वयात आता त्रास होणार नाही एवढं बघा. त्याचा स्वर अगदी त्या पोरीसारखा होता. मी त्यालाही दार दाखवलं असतं, पण दार त्याचं होतं.

घरी आले. केर साचला होता, कारण धाकटीकडून आता होत नव्हतं. मी मागच्या दारी जाऊन टोपल्याखालून झाडू काढला आणि आत आले. मुकादम खोलीच्या मधोमध बसला होता. त्यानं झाडूकडे बघून जांभई दिली.

कोपऱ्यात काहीतरी धडपडलं. माझी बहीण, जिला मी जन्मात कशाला भ्यालेली बघितलं नाही, जी माझ्यासारखीला भ्याली नाही, ती भिंतीला पाठ घासत खाली बसली. मग आणखी खाली गेली. हात डोक्यावर नाहीत, पोटाखाली घेतलेले. कपाटाखाली जागा आहे का ते तिनं बघितलं, मी पाहिलं तिला बघताना. फरशीवर ओलं पसरत गेलं.

मी झाडू खिडकीतून बाहेर फेकला. "नाही गं," म्हणाले, "नाही गं बाळा, टाकला बघ." बाळा हे मी मुकादमाला म्हणायची.

७

मी काही खुळी नाही. मला समजायला वेळ लागला तो समजत नव्हतं म्हणून नाही, समजायचं नव्हतं म्हणून. माझ्याच हातचं काम होतं ते. चांगला भाग मुकादमात, झिजलेला भाग हिच्यात, ज्याचं घेतलं त्याच्याच रिकाम्या जागी, नीट बसवलेला. बाहेरून बघणाऱ्याला होती तशीच दिसत होती ती. शेजारी कोण ठेवलंय याचा मी त्या दुपारी विचारच केला नव्हता.

डॉक्टरणीला बोलवावं, इंजेक्शन द्यायला सांगावं, हे मनात आलं. मग वाटलं, तो मेला तर तिचा पाय, तिचा डोळा, तिची बोटं त्याच्याबरोबरच जातील. त्याला परत त्या पिंजऱ्यात नेऊन सोडलं तरी तेच. भाग घालून दिलेलं मशीन गिऱ्हाईकानं एकदा नेलं की फळीवरच्या मशीनला कुणी विचारत नाही. एकच वाट उरली. तळवा तिच्यावर ठेवायचा आणि शेजारी त्याला ठेवायचं.

सकाळची वेळ होती. धाकटीला मी दुकानातल्या त्याच गोणपाटावर निजवलं. श्वास आत जायचा, अडकायचा. मुकादमाला ओढत आणला. तो आला, सहज आला, तिच्या कुशीला टेकून बसला. मी डाव्या हातानं त्याचा गळपट्टा धरला, मुठीत पिळून धरला, आणि उजवा तळवा तिच्या पोटावर ठेवला.

धाकटीनं उजवा डोळा उघडला. शब्द सापडायला तिला वेळ लागायचा आता. "ताई," म्हणाली, "सोड."

"घे," मी म्हणाले. "लागेल ते घे."

गळपट्ट्याला हिसका बसला नाही. तो नुसता हलका झाला. मी बघितलं तेव्हा मुठीत पट्टा होता, बंद होता, बक्कल लागलेलं होतं, आणि मुकादम दारापर्यंत पोचला होता. उंबरा ओलांडून तो व्हरांड्यात गेला आणि तिथून वळून बघत राहिला.

दोन शब्द राहिले होते. हिच्या शेजारी आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी गप्प बसले असते तर तिथंच राहिलं असतं.

"पण चाल," मी म्हणाले.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पावलांनी जाग आली. सरळ, सारखी, दोन्ही पाय उचलून टाकलेली. मी अंथरुणात पडल्या पडल्या रडले. हे मी लिहिते आहे, कारण आता लपवून ठेवण्यासारखं फारसं उरलं नाही.

"उठणार आहेस की दुपार करणार आहेस?" धाकटी दारात उभी राहून म्हणाली. "दुकान काय आपोआप उघडतं?"

ती असं बोलत नाही. असं मी बोलते.

मी उठून तिच्या मागं गेले. ती माझ्या स्टुलावर बसली होती. तो शिंपी आला होता. तिनं त्याला पायडल मारायला लावलं, डोळे मिटले आणि सांगितलं की पट्टा सैल आहे आणि तुझ्या पोरानं सुई उलटी लावलीय, त्याला सांग आंधळ्यासारखं काम करू नकोस. तिनं आयुष्यात मशीनच्या चाकाला हात लावलेला नाही. शिंपी हसत म्हणाला, अगदी थोरल्या बाईंसारखं बोलता. ती म्हणाली, तोंड सांभाळ. तो हसायचा थांबला.

तिची बोटं मशीनवर माझ्यासारखी फिरत होती. काम नसताना ती बोटं मांडीवर स्वस्थ पडून राहायची. टकटक व्हरांड्यातूनच येत होती. मुकादमानं काहीही परत दिलं नव्हतं. तिच्यात जे भरलं ते सगळं माझ्या फळीवरचं होतं.

मी आत जायला वळले. पाऊल, आणि खर्र. रात्री थंडी होती, पाय आखडला असेल, असं म्हणून बघितलं. कुणाच्याच आवाजात ते खरं वाटेना.

९

डावा डोळा गेला. जेवताना मी भिंतीकडे बसते, तसं बरं वाटतं. पाठ झाकलेली राहते.

धाकटीनं माझं औषधपाणी हातात घेतलंय. माझ्यासारखंच करते, आरडाओरडा करत, डॉक्टरांना दार दाखवत. परवा तो माणसांचा डॉक्टर घरी येऊन काहीतरी हळू आवाजात म्हणाला. तिनं त्याला सांगितलं की माझ्या दुकानातून मेलेलं काही परत जात नाही. माझ्या दुकानातून. मी तिला हाक मारून सांगायला गेले की बाई, हा हट्ट माझा होता, एवढा एक तरी माझ्याकडंच राहू द्यायचा होतास. पण घशातून नीट काही निघेना. शब्द दिसतात, तोंडात येत नाहीत. हात अजून माझे आहेत, म्हणून लिहिते आहे.

आज सकाळी ती केर काढायला झाडू घेऊन आली. पुढचं मला सांगायचं नाही. कपाटाखाली जागा नसते, एवढंच सांगते.

तिनं झाडू टाकून दिला. खाली बसली. मला कुशीवर वळवलं आणि माझ्या पोटावर तळवा ठेवला. तळवा उबदार होता, खरबरीत होता, माझाच होता. तिनं एकदाही आजूबाजूला बघितलं नाही. मी बघितलं. मुकादम दुकानात नव्हता. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"घे," ती म्हणाली.

मी 'नको' म्हणायला गेले. जे निघालं ते ऐकून व्हरांड्यातली नखं थांबली. धाकटी तरीही थांबली नाही. "लागेल ते," म्हणाली, आणि मी तिचा हात चावले. हाडाला दात लागेपर्यंत. तिनं हात ओढला, मी सोडला नाही, मग सोडला.

ती रडली नाही. रक्त पदराला पुसत माझ्याकडे बघत राहिली, एखादं मशीन पहिल्या खेपेला उघडत नाही तेव्हा मी बघते तशी. "परत येते," म्हणाली. "मी सोडत नसते."

ती बाहेर गेली तशी मी सरपटत जाऊन दाराला आतून कडी लावली. या कडीचा स्क्रू मीच बसवलाय, ढिला आहे, गेल्या वर्षापासून आवळायचा राहिलाय. माझ्या हट्टापुढं किती वेळ टिकेल ते मला चांगलं माहीत आहे. तोवर तिच्या कुठल्याही चांगल्या भागाला मी हात लावू देणार नाही. मला दातही आहेत.

व्हरांड्यात ती फेऱ्या मारतेय. तिच्या बाजूनं तो चालतोय. मी कान देऊन ऐकते आहे. दोन पायांची पावलं सारखी पडतायत, चार पायांची नखं सारखी पडतायत, कुठं अडत नाही, कुठं घासत नाही. बाहेर कुणातही खोट नाही.

आता दोघंही दाराशी थांबलेत. नखं वाजतायत. ओळ संपली. पंजा सरकला.

कडीचा स्क्रू फिरतोय.